नेव्हिल हाऊज: गावचा डॉक्टर, फौजेतला सर्जन, मग थेट मंत्री

उंबरठा:
नमस्कार मंडळी. गॅलिपोलीच्या (पहिल्या महायुद्धात, 1915 ला, ब्रिटिश साम्राज्याच्या फौजा तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उतरल्या ती मोहीम) जुन्या धाग्यावर कुणीतरी विचारलेलं की जखमी झालेल्यांचं पुढे काय व्हायचं. तिथे दोन ओळी टाकून सुटलो होतो, पण तो विषय एका माणसाला वगळून सांगताच येत नाही म्हणून हा वेगळा धागा.

माणूस म्हणजे नेव्हिल हाऊज. ऑस्ट्रेलियन फौजांमधे पहिला व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी, शौर्यासाठीचं सगळ्यात मोठं ब्रिटिश पदक) मिळवणारा, आणि तो होता डॉक्टर. त्याच्याबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते फिरून फिरून त्या व्हीसीपाशी येतं. माझं मत वेगळंय. व्हीसी बाजूला ठेवला तरी हा माणूस तेवढाच मोठा राहतो, कारण त्याने खरं काम केलं ते साहेबाच्या व्यवस्थेला तोंडावर नालायक म्हणायचं.

जन्म 1863, इंग्लंडात सॉमरसेटमधल्या स्टोगर्सी नावाच्या खेड्यात. वडील सर्जन. स्वतः लंडन हॉस्पिटलमधे शिकला आणि 1889 ला तब्येतीच्या कारणाने न्यू साउथ वेल्समधे आला. आधी न्यूकॅसल, मग टारी, असं गावोगावी प्रॅक्टिस करत राहिला. मधे परत विलायतेला जाऊन 1897 ला एफआरसीएस ही सर्जनची वरची पदवी घेतली आणि 1899 ला ऑरेंज नावाच्या गावात दवाखाना घेऊन बसला. आता त्या काळी एफआरसीएस झालेला माणूस वसाहतीतल्या आडगावात कशाला बसेल, पण बसला खरा, आणि लोकांनीही त्याला आपला मानला, पुढे दोनदा नगराध्यक्ष केला.

जानेवारी 1900 मधे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी (इंग्रज विरुद्ध तिथले डच वंशाचे बोअर) न्यू साउथ वेल्स आर्मी मेडिकल कोअरमधे लेफ्टनंट म्हणून भरती. 24 जुलै 1900, व्रेडफोर्टची चकमक. एक ट्रंपेटर (बिगुलवाला) गोळी लागून मोकळ्या मैदानात पडला, हा घोडा काढून निघाला, वाटेत घोडा गोळी लागून कोसळला, तर हा पायी पुढे गेला, दोन्हीकडनं गोळीबार चालू असताना त्या पोराची जखम बांधली आणि त्याला उचलून मागे आणला. जून 1901 मधे व्हीसी जाहीर झाला. ही झाली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट.

आता माहीत नसलेली. ऑगस्ट 1914 ला ऑस्ट्रेलियाने पहिली फौज पाठवली ती युरोपात नाही तर जर्मन न्यू गिनीत. हाऊज तिचा मुख्य वैद्यकीय अधिकारी. निघायला अगदी थोडे दिवस, तेवढ्यात याने देवीची आणि टायफॉइडची लस, क्विनाइन, सगळं जमवलं. त्या मुलखात मलेरिया म्हणजे घरचा पाहुणा, तरी सुरुवातीच्या त्या मोहिमेत गंभीर आजाराची साथ नाही. याच्यावर कुणी पदक देत नाही. बोअर युद्धात ब्रिटिश बाजूचे बावीस हजारांच्या आसपास मेले त्यातले जवळपास दोन तृतीयांश आजारपणाने, मुख्यतः टायफॉइडने, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे पाणी, संडास, लस या गोष्टी याच्या लेखी बंदुकीइतक्याच महत्त्वाच्या.

मग 25 एप्रिल 1915. पुढचं खालच्या प्रतिसादात टाकतो, एकदम मोठं झालं तर कुणी वाचत नाही.

निशाचर:
वाचतोय. पुढचं लवकर टाका, नायतर नेहमीसारखं "क्रमशः" लिहून गायब व्हाल.

अवांतरानंद:
अवांतर: व्रेडफोर्ट म्हणजे तेच ना, जगातलं माहीत असलेलं सगळ्यात मोठं उल्कापाताचं विवर? दोनेक अब्ज वर्षांपूर्वीचं. आपलं लोणार जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटरचं, आणि ते मुळात तीनेकशे किलोमीटरपर्यंत पसरलेलं असावं म्हणतात, आता झिजून घुमटासारखे डोंगर उरलेत. असो, चालू द्या, मला दगड दिसले की राहवत नाही.

सिडनीची_शोभा:
छान विषय. मी न्यू साउथ वेल्समधेच राहते, ऑरेंजला जाणं होतं अधूनमधून. नाव ऑरेंज पण प्रसिद्ध सफरचंदांसाठी आणि हल्ली वाइनसाठी. इथे एप्रिलमधे अँझॅक डेला (अँझॅक म्हणजे गॅलिपोलीत उतरलेली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज, तिच्या आठवणीचा दिवस) पहाटे मैदानावर जमतात, सगळा गाव थंडीत उभा असतो, पण बोलणं होतं ते सिम्पसन, म्हणजे गाढवावरून जखमी खाली आणणारा स्ट्रेचरवाला, आणि त्याच्या गाढवाचं. तो सिम्पसनही हाऊजच्याच डिव्हिजनच्या थर्ड फील्ड अँब्युलन्समधला. आणि इथल्या लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं, तो सिम्पसन राहायचा आपल्या हिंदुस्थानी तोफखान्याच्या खेचरवाल्यांच्या तळावर. आपले लोक त्याला "बहादूर" म्हणायचे. 19 मे ला मारला गेला तो.

उंबरठा:
@शोभाताई, बरोब्बर, त्या खेचरवाल्यांवर यायचंच होतं. तिथे आपल्या डोंगरी तोफखान्याच्या दोन बॅटऱ्या होत्या, कोहाट आणि जेकब्ज, आणि म्यूल कोअर पाणी, दारूगोळा वर आणि जखमी खाली अशी ये-जा करायची.

तर 25 एप्रिल. हाऊज आता कर्नल, पहिल्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनचा वैद्यकीय प्रमुख. सकाळीच किनाऱ्यावर उतरला. तुम्ही नकाशात बघा, अँझॅक कोव्ह म्हणजे चिंचोळी पट्टी, पाठीला उभे कडे, वरनं श्रापनेल, म्हणजे हवेत फुटून गोळ्या उडवणारे तोफगोळे. पहिल्या दिवशी उतरलेल्या सोळाएक हजारांपैकी दोन हजारांच्या आसपास मेले नाहीतर जखमी झाले. आणि योजना काय होती, तर गंभीर जखमींसाठी अख्ख्या अँझॅकला मिळून एक हॉस्पिटल शिप, गॅस्कॉन. ती पाचशेवर जखमी घेऊन भरली. बाकीच्यांसाठी काय, तर सैनिक आणि जनावरं उतरवून रिकामी झालेली वाहतुकीची जहाजं. ती धुतलेली पण नव्हती. लुत्झो नावाचं जे जहाज होतं त्यावर आधी खेचरं होती, आणि जखमींकडे बघायला होता तो एक जनावरांचा डॉक्टर. मी मस्करी करत नाहीये.

म्हणजे माणूस डोंगरावर जखमी झाला, स्ट्रेचरवाल्यांनी जीव धोक्यात घालून खाली आणला, मग किनाऱ्यावर तासन् तास पडून राहिला कारण होड्यांचं पहिलं काम माणसं आणि दारूगोळा उतरवायचं, मग होडी मिळाली तर ती या जहाजाकडून त्या जहाजाकडे हिंडतेय, "आमच्याकडे जागा नाही, पुढे जा". आणि शेवटी ज्या जहाजावर घेतलं तिथे ना ड्रेसिंग, ना परिचारक, ना बेडपॅन, आणि अलेक्झांड्रिया काही दिवसांच्या अंतरावर. तोवर जखमा सडायच्या.

हे असं का झालं? मोहिमेचा सरसेनापती सर इयन हॅमिल्टन, त्याचं मुख्यालय आखणी करायला पुढे लेम्नॉस बेटावर गेलं तेव्हा वैद्यकीय खात्याचा मुख्य माणूस आणि प्रशासनाचा स्टाफ मागे अलेक्झांड्रियातच राहिला. हल्ला कुठे, किती वाजता, किती लोकांनी हे ठरलं आणि नंतर कुणाला तरी आठवलं की अरे, जखमी पण होतील.

हाऊज त्या किनाऱ्यावर उभा राहिला आणि समोर जे जहाज दिसेल त्यात माणसं भरायला लावली, परवानगीबिरवानगी नंतर. गोळ्यांकडे अजिबात लक्ष द्यायचा नाही असं त्याच्याबद्दल लोकांनी लिहून ठेवलंय. पण मुद्दा धैर्याचा नाहीये. मुद्दा हा की 1917 मधे लंडनला डार्डनेल्स कमिशनपुढे, म्हणजे या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मंडळापुढे, त्याची साक्ष झाली तेव्हा हा माणूस, तोवर मेजर जनरल आणि सर झालेला, सरळ म्हणाला की ती व्यवस्था म्हणजे गुन्हेगारी स्वरूपाचा निष्काळजीपणा होता, आणि मी माझ्या सरकारला सांगणार आहे की इथून पुढे आपल्या जखमींची काळजी कधीही, कुठल्याही परिस्थितीत साम्राज्याच्या अधिकाऱ्यांवर सोडू नका.

"माझ्या सरकारला". हा माणूस इंग्लंडात जन्मलेला आहे हे लक्षात घ्या.

डॉ_कंपाउंडर:
लेख आवडला. थोडं धंद्याचं बोलतो. लोकांना वाटतं फील्डवर सर्जन म्हणजे तंबूत ऑपरेशन करणारा. खरं तर युद्धात जीव वाचतो तो वाहतुकीत. पोटात गोळी, मांडीचं हाड मोडलेलं, अशा माणसाला किती तासांत ऑपरेशन टेबलावर आणता यावर सगळं अवलंबून. तेव्हा अँटिबायोटिक नाही, रक्त द्यायची सोय जवळपास नाहीच. चोवीस तास उलटले की गँगरीन. म्हणून फौजेच्या मेडिकलमधे प्रशासन करणारा डॉक्टर हा कारकून समजू नका, तो एका सहीने हजार ऑपरेशनं वाचवतो नाहीतर घालवतो.

अजून एक, गॅलिपोलीत उन्हाळ्यात गोळीपेक्षा जुलाबाने माणसं जास्त बाहेर काढावी लागली. प्रेतं मधल्या पट्ट्यात पडून, माश्या, पाणी जहाजाने आणलेलं आणि तेही माणशी मोजून, आणि खायला खारं डबाबंद मांस आणि दगडासारखी बिस्किटं. त्या बिस्किटांनी दात तुटायचे आणि फौजेसोबत दाताचे डॉक्टर पाठवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! दात नाही म्हणून सैनिक बाद. पुढे डेंटल सर्व्हिस उभी राहिली ती याच अनुभवातून.

काडीबहाद्दर:
छान चाललंय, पण जरा उलटी बाजू पण येऊ द्या की. हा तुमचा हाऊज साम्राज्याच्या विरोधात वगैरे अजिबात नव्हता. बोअर लोकांचा देश बळकावायच्या युद्धात हौसेने गेला, न्यू गिनी जर्मनांकडून घेऊन ऑस्ट्रेलियाच्या खिशात टाकणाऱ्या फौजेत होता, नंतर ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान ब्रूस, त्याच्या उजव्या सरकारात मंत्री. याला काय आपण टिळक करून टाकणार का? त्याचं भांडण एवढंच होतं की आमच्या गोऱ्या पोरांची नीट काळजी घ्या.

उंबरठा:
@काडीबहाद्दर, मी त्याला क्रांतिकारक कुठे म्हटलं? साम्राज्यावर त्याची निष्ठा होतीच, म्हणून तर ती साक्ष जड पडते. शत्रूने शिव्या दिल्या तर कोण ऐकतं. आणि न्यू गिनीचं म्हणाल तर तिथे बिटा पाकाच्या चकमकीत, 11 सप्टेंबर 1914 ला, हाऊजच्या हाताखालचा कॅप्टन ब्रायन पॉकली हा तरुण डॉक्टर मारला गेला, मरायच्या आधी स्वतःची रेडक्रॉसची दंडपट्टी काढून आपल्या ऑर्डर्लीला देऊन. पहिल्या महायुद्धात मेलेला ऑस्ट्रेलियन फौजेतला पहिला अधिकारी. कशासाठी मेला हा प्रश्न तुम्ही विचाराल ते बरोबरच आहे.

जोर्‍या_निवृत्त:
राम राम. मी फौजेतला, वय झालं, टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या. तुम्ही हे सगळं गॅलिपोलीचं सांगताय पण आमच्या मराठा पलटणींचं याच वर्षी काय झालं ते इथे आलंच पाहिजे. सहावी पूना डिव्हिजन, जनरल टाउनशेंड, मेसोपोटेमिया. त्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी. नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. जखमींची तयारी काहीशेंची, प्रत्यक्षात जखमी साडेतीन हजारांच्या घरात. अँब्युलन्स गाड्या नव्हत्या. ज्या बिनस्प्रिंगच्या लोखंडी सामानगाड्या असतात, खेचरं जोडलेल्या, त्यात मोडक्या हाडांची माणसं घालून नदीपर्यंत आणली. कितीतरी जण गाडीपेक्षा रांगत जाणं पत्करत होते. आणि मग नदीतून बोटीने बसरा. मेजिदिये नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर म्हणून आयएमएसचे (इंडियन मेडिकल सर्व्हिसचे) डॉक्टर व्हरेला या हॉस्पिटल शिपवर होते, त्यांनी लांबून पाहिलं तर त्यांना वाटलं बोटीच्या कडेने दोरखंड लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं ती विष्ठा आहे. डेकवर माणसं इतकी दाटून ठेवलेली की हलायला जागा नाही, सगळं आहे तिथेच. कित्येक जखमांना निघाल्यापासून हातही लागला नव्हता, किडे पडलेले. त्यात पोरं आपली पण होती.

निशाचर:
बाप रे.

मृण्मयी_के:
काका, हे वाचून जेवणावरची वासना गेली. पण लिहिलंत ते बरं केलंत, हे शाळेत कधी शिकवलं नाही.

जोर्‍या_निवृत्त:
पुढचं ऐका पोरी. कार्टरने हे वर कळवलं. त्यावर वरच्या अधिकाऱ्यांनी त्यालाच झापला, अटकेची धमकी दिली, जहाज काढून घेऊ म्हणाले, लुडबुड्या माणूस ठरवला. आणि सरकारी तारेत काय गेलं? की जखमींची व्यवस्था समाधानकारक आहे. नंतर कमिशन बसलं, 1917 च्या जूनमधे मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल छापला तेव्हा विलायतेत बोंब झाली आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन राजीनामा देऊन गेला. पण तोवर कूट, म्हणजे टेसिफोनहून मागे हटल्यावर टाउनशेंडची फौज जिथे वेढ्यात अडकली ते गाव, पडलं होतं, 29 एप्रिल 1916 ला, आणि त्या तिन्ही मराठा पलटणी कैदेत गेल्या होत्या. आमच्याकडे साताऱ्या-रत्नागिरीच्या गावागावात त्या नावांचे दगड आहेत.

उंबरठा:
काका, दंडवत. खरं सांगायचं तर हा धागा काढताना माझ्या डोक्यात हीच जोडी होती. एकच वर्ष, एकच साम्राज्य, एकाच जातीचा घोटाळा. आणि दोन डॉक्टर. हाऊज आणि कार्टर. दोघेही इंग्रज, दोघांनी पाहिलेलं तेच, दोघांचा संताप तोच. फरक एवढाच की हाऊजच्या पाठीशी मेलबर्नला एक निवडून आलेलं सरकार होतं, ज्याला मतं मागायला त्याच सैनिकांच्या आईबापांकडे जायचं होतं. म्हणून नोव्हेंबर 1915 मधे तो ऑस्ट्रेलियन फौजेच्या सगळ्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख झाला आणि पुढे लंडनला बसून "आमची हॉस्पिटलं आमच्या हातात, आमचा माणूस कधी परत पाठवायचा ते आम्ही ठरवणार" हे मनवून घेतलं. कार्टरच्या वर कोण होतं? सिमला. म्हणजे ज्यांनी घोटाळा केला तेच. फेब्रुवारी 1916 पर्यंत ती मोहीम हिंदुस्थान सरकारच चालवत होतं, नंतर लंडनच्या वॉर ऑफिसने हातात घेतली तेव्हा कुठे बोटी, औषधं, बर्फ पोचायला लागला. सातारच्या शेतकऱ्याने तक्रार करायची तर कुणाकडे? त्याला मतच नव्हतं.

काडीबहाद्दर:
हे मात्र पटलं. म्हणजे हाऊज मोठा नव्हता, त्याच्यामागचं मत मोठं होतं असं म्हणा की सरळ.

उंबरठा:
दोन्ही म्हणतो. मत होतं तरी बोलणारा लागतोच. बाकीचे ऑस्ट्रेलियन वरिष्ठ तिथेच होते, सगळ्यांनी काही इतकं रोखठोक सांगितलं नाही.

मुंबईकर_१९:
जोर्‍या काकांच्या माहितीत भर. मेसोपोटेमियातून जे जखमी जिवंत परत आले ते मुंबईच्या गोदीत उतरायचे. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, काळा घोड्याजवळचं, ती इमारत तेव्हा नुकतीच उभी राहत होती आणि म्युझियम म्हणून उघडायच्या आधी तिचा वापर लष्करी हॉस्पिटल म्हणून झाला. घुमटाखाली खाटा. पुढच्या वेळी पोरांना घेऊन जाल तेव्हा सांगा त्यांना.

आणि बोअर युद्धाचा विषय निघालाच आहे तर, डिसेंबर 1899 आणि जानेवारी 1900 मधे, म्हणजे हाऊज आफ्रिकेत पोचायच्या जरा आधी, तिथल्या नाताळ वसाहतीत कोलेन्सो आणि स्पायन कॉपच्या लढायांत गांधींची इंडियन अँब्युलन्स कोअर स्ट्रेचर उचलत होती. अकराशेच्या आसपास माणसं, त्यातले बहुतेक गिरमिटिये मजूर. त्यांच्यातल्या काही जणांना पदकंही मिळाली. नागरिकत्वाचे हक्क मिळाले का ते सगळ्यांना माहितीये.

डॉ_कंपाउंडर:
लंडनच्या काळाबद्दल एक. हाऊजचा एक हट्ट फार कमी लोक सांगतात. तो म्हणायचा फौजेतल्या डॉक्टरचं पहिलं काम लढू शकणारी माणसं लढण्याजोगी ठेवणं, जखमींची सेवा त्यानंतर. ऐकायला क्रूर वाटतं. पण त्यातूनच तो भरतीवाल्यांशी भांडला. ऑस्ट्रेलियातून आकडे भरायला म्हणून म्हातारी, दमेकरी, हर्निया असलेली माणसं जहाजात भरून पाठवायचे, हा त्यांना आल्या बोटीने परत पाठवायचा. भरती खात्याचे शिव्याशाप खाल्ले त्याने. पण दम्याचा माणूस फ्रान्सच्या चिखलात पाठवला तर तो आधी हॉस्पिटलची खाट अडवतो आणि मग मरतो, हे त्याला कळत होतं. आमच्याकडे पण मेडिकल बोर्डावर बसलेल्याला हे कळतं, फक्त सही करताना हात बांधलेले असतात. जाऊ द्या.

मृण्मयी_के:
कौतुक पुरे झालं असेल तर दोन गोष्टी मांडते. पहिली, त्याच युद्धात ऑस्ट्रेलियन आर्मी मेडिकल कोअरने बायकांना डॉक्टर म्हणून घेतलं नाही. नर्स चालतील, डॉक्टर नको. त्यामुळे ॲग्नेस बेनेट, लिलियन कूपर अशा अनुभवी डॉक्टरणी स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्समधून बाल्कनमधे ओस्ट्रोव्होला जाऊन काम करत होत्या, सर्ब सैनिकांवर. एकीकडे "डॉक्टर कमी पडतात" आणि दुसरीकडे हे. खात्याचा प्रमुख कोण? हाऊज.

दुसरी जास्त गंभीर. फेब्रुवारी ते नोव्हेंबर 1928 हा मनुष्य होम अँड टेरिटरीज खात्याचा मंत्री होता, म्हणजे आजच्या नॉर्दर्न टेरिटरीचा मुलूख त्याच्या हाताखाली. त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमधे कॉनिस्टनचं हत्याकांड झालं. फ्रेड ब्रूक्स नावाचा डिंगो मारणारा गोरा माणूस मारला गेला म्हणून कॉन्स्टेबल मरेच्या टोळीने आठवडेच्या आठवडे फिरून आदिवासींना गोळ्या घातल्या. सरकारी आकडा 31, आणि तो कमी सांगितलेला आहे असंच सगळे मानतात. नंतर चौकशी मंडळ बसलं आणि 1929 च्या सुरुवातीला म्हणाले, गोळीबार समर्थनीय. गॅलिपोलीच्या जखमींसाठी ज्याला "गुन्हेगारी निष्काळजीपणा" हे शब्द सुचले त्याच्या खात्याच्या मुलखात हे झालं. धागाकर्त्याने हे लिहिलं नाही म्हणून मी लिहिलं.

सिडनीची_शोभा:
मृण्मयी, +१. कॉनिस्टनबद्दल आता इथे शाळेत शिकवतात, माझ्या मुलीला होतं. पण त्या धड्यात मंत्र्याचं नाव येत नाही, फक्त मरेचं येतं.

उंबरठा:
मुद्दा रास्त आहे, आणि वरच्या माझ्याच तर्काने बघितलं तर जास्तच टोचतो. ज्याच्या मागे मत आहे त्याच्यासाठी मंत्री बोलतो. वॉर्लपिरी लोकांना, म्हणजे कॉनिस्टनच्या त्या आदिवासींना, मत नव्हतं. चौकशी जाहीर झाली तीही मिशनरी मंडळी आणि वर्तमानपत्रांनी ओरडा केला म्हणून.

आता राजकारणाचा भाग संपवतो, तो थोडक्यातच आटपेल. युद्धानंतर काही काळ फौजेच्या मेडिकलचा महासंचालक, मग ते सोडून 1922 ला कॅलेअर मतदारसंघातून, म्हणजे ऑरेंजच्या भागातूनच, नॅशनलिस्ट पक्षातर्फे खासदार. 1923 ला जिनिव्हाला लीग ऑफ नेशन्समधे ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी. 1925 पासून संरक्षण आणि आरोग्य ही दोन्ही खाती. वक्ता म्हणून फार काही नव्हता, सभागृहात कमी बोलायचा. पण आरोग्यात ठसा आहे. तेव्हा ऑस्ट्रेलियात आरोग्य हा राज्यांचा विषय, प्रत्येक राज्याचं तोंड वेगळीकडे. याच्या काळात रॉयल कमिशन बसलं आणि त्यातून फेडरल हेल्थ काउन्सिल निघालं, पुढे 1936 ला तिचंच रूपांतर नॅशनल हेल्थ अँड मेडिकल रिसर्च काउन्सिलमधे झालं, जी आजही तिथल्या वैद्यकीय संशोधनाला पैसा देते. आणि 1928 ला एक लाख पौंडांचं रेडियम विकत घेतलं, कॅन्सरच्या उपचारांसाठी, सगळ्या राज्यांत वाटून वापरायला.

डॉ_कंपाउंडर:
रेडियमचं सांगतो, कारण आजच्या पोरांना कल्पना येणार नाही. एक लाख पौंडात मिळालं दहा ग्रॅम. चमचाभर. बेल्जियन काँगोच्या खनिजातून काढलेलं. सुया आणि नळ्यांमधे भरून गाठीत खुपसायचं, ठरलेले तास ठेवायचं आणि काढायचं. त्यातून निघणारा रेडॉन वायू वेगळा काढून काचेच्या बारीक नळ्यांत भरून दूरच्या हॉस्पिटलला पाठवता यायचा, त्याची ताकद चारेक दिवसात निम्मी होते म्हणून पार्सल वेळेत पोचलं पाहिजे. मेलबर्नला त्यासाठी सरकारी प्रयोगशाळा काढली 1929 ला. हे सगळं सरकारने घ्यायचं, खाजगी डॉक्टरांवर सोडायचं नाही, हा निर्णय त्या काळात मोठा होता.

निशाचर:
आणि शेवट? की तिथेच क्रमशः?

उंबरठा:
नाही हो. 1929 च्या निवडणुकीत ब्रूस सरकार औद्योगिक लवादाच्या वादात असं आपटलं की खुद्द पंतप्रधान ब्रूस आपल्या मतदारसंघात पडला, आणि हाऊजही कॅलेअरमधे हरला. 1930 च्या सुरुवातीला उपचारांसाठी इंग्लंडला गेला आणि 19 सप्टेंबर 1930 ला लंडनमधे कॅन्सरने वारला. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत आहे. त्याचा व्हीसी कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमधे ठेवलाय. मुलगा जॉन हाऊज 1946 ला त्याच कॅलेअरमधून लिबरल पक्षाचा खासदार झाला आणि 1960 पर्यंत राहिला.

काडीबहाद्दर:
घराणेशाही तिकडेपण आहे तर, जीव भांड्यात पडला. एक सुचवणी, कार्टरवर स्वतंत्र धागा काढा, हाऊजपेक्षा तो माणूस मला जास्त आवडायला लागलाय.

जोर्‍या_निवृत्त:
काढाच. आणि त्यात व्हिन्सेंट-बिंगली समितीचं आधी लिहा, हिंदुस्थान सरकारनेच 1916 ला नेमलेली, तिचा अहवाल नंतर मोठ्या कमिशनच्या अहवालाला जोडून आला. त्यात गाड्यांचं, बोटींचं सगळं तपशीलवार आहे. मी 117 मराठाचं जे काही जमवलंय ते स्कॅन करायला पुतण्याला सांगतो, तो रविवारी येतो.

उंबरठा:
काका, रविवारपर्यंत थांबतो मग. तुमचे कागद आल्यावरच धागा टाकेन.